वाचकांचे प्रश्न : केसपेपरवरची ‘आक्रमक’ ही नोंद

प्रश्न : मी शंभर खाटांच्या रुग्णालयात परिचारिका आहे. गेल्या महिन्यात डाउन सिंड्रोम (बौद्धिक दिव्यांगत्व आणणारी जन्मजात स्थिती) असलेला एक तरुण आमच्याकडे दाखल झाला. तो सारखा स्वतःच्या गालावर चापट्या मारून घेई. आम्ही केसपेपरवर ‘आक्रमक’ असे लिहून मोकळे झालो. तिसऱ्या दिवशी दाढेत पू झाल्याचे आढळले. आता अशा रुग्णांना कसे समजून घ्यावे, याच्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे काम माझ्याकडे आले आहे. एका तासाच्या व्याख्यानाने भागेल का?

उत्तर : ताई, झालेली चूक आपण मोकळेपणाने सांगितलीत, याबद्दल आपले मनापासून आभार. व्याख्यानाने भागणार नाही. बुद्ध्यंकाचे तक्ते आठवडाभरात विसरले जातात. कर्मचाऱ्यांच्या अंगवळणी पडायला हवे ते हे, की बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या रुग्णाचे वागणे एकाएकी बदलले, तर तपासून खात्री होईपर्यंत ते दुखण्याचेच लक्षण मानायचे. दात, कान, लघवीचा जंतुसंसर्ग आणि बद्धकोष्ठता आधी पाहावी. बद्धकोष्ठता किरकोळ समजली जाते, पण वेळेवर ओळखली नाही तर ती जिवावर बेतू शकते.

विचारण्याची रीतही शिकवावी लागते. ‘दुखतंय का?’ या प्रश्नाला यांतले कित्येक जण समोरच्याला बरे वाटावे म्हणून ‘हो’ म्हणतात. ‘पोट दुखतंय की दाढ?’ असे विचारावे, थोड्या वेळाने तेच ‘दाढ दुखतेय की पोट?’ असे उलटवून विचारावे आणि उत्तरासाठी मनातल्या मनात दहा आकडे मोजत थांबावे. रक्तदाबाचा पट्टा आधी आईच्या दंडाला बांधून दाखवावा, मग त्याच्या हातात द्यावा. आधी रुग्णाशी बोलावे, आईशी नंतर. मात्र दुखले की तो काय करतो, हे तिच्याकडून विचारून केसपेपरच्या पहिल्या पानावर लिहावे.

इंग्लंडमध्ये हा धडा फार मोठी किंमत मोजून शिकला गेला. ऑलिव्हर मॅकगोवन हा स्वमग्नता (ऑटिझम), अपस्मार (फिट येणे) आणि सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व असलेला अठरा वर्षांचा मुलगा २०१६ मध्ये ब्रिस्टल येथे दगावला. त्याने आणि आईवडिलांनी नको म्हणून सांगितलेले मनोविकारावरचे औषध त्याला देण्यात आले होते. त्याची आई पॉला हिने नेटाने पाठपुरावा केला आणि २०२२ च्या कायद्याने तेथील आरोग्य व काळजी सेवांतील कर्मचाऱ्यांना असे प्रशिक्षण बंधनकारक झाले. ते देणाऱ्यांत स्वतः बौद्धिक दिव्यांग आणि स्वमग्न व्यक्ती असतात, आणि माझ्या मते या प्रशिक्षणाचा खरा जीव यातच आहे.

आपल्याकडेही आधार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २५ मध्ये तपासणीत व उपचारांत प्राधान्य देण्याची तरतूद आहे, तर कलम ४७ मध्ये डॉक्टर, परिचारिका, आशा आणि अंगणवाडी सेविका यांच्या अभ्यासक्रमांत दिव्यांगत्व हा घटक असावा असे म्हटले आहे. व्यवस्थापनाने टाळाटाळ केली, तर ही दोन कलमे पुढे ठेवावीत.

जवळच्या विशेष शाळेतून किंवा बौद्धिक दिव्यांगांच्या कार्यशाळेतून दोन-तीन प्रौढ दिव्यांग व्यक्ती आणि पालक यांना प्रशिक्षक म्हणून, योग्य मानधन देऊन बोलवावे. केसपेपर काढणारे कर्मचारी, सुरक्षारक्षक आणि वॉर्डातल्या मावशी यांनाही बसवावे, कारण रुग्ण पहिल्यांदा बिथरतो तो बहुधा बाहेरच्या रांगेतच. पहिल्या सत्राला त्या तरुणाच्या आईला विनंती करून पाहावी. गालावरच्या त्या चापट्यांतून तिला काय कळते, ते सगळ्यांनी तिच्याच तोंडून ऐकावे.