विलंब म्हणजे विश्वासाची उणीव का?

प्रश्न : सांगलीत कृष्णाकाठच्या भागात आमचे किराणा मालाचे दुकान आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सगळा माल गेला. कर्ज काढून दुकान पुन्हा उभे केले, तोच जुलै २०२१ मध्ये पाणी परत आत आले. हप्ते अजून फिटलेले नाहीत आणि मुलीचे लग्नही ठरत नाही. उपास-प्रार्थना चालू आहे. प्रार्थनासभेला आलेल्या एका पाहुण्या वक्त्यांनी सांगितले की तुमचा विश्वास उणा आहे, पूर्ण दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) द्या म्हणजे सहा महिन्यांत मार्ग निघेल. हल्ली माझ्या प्रार्थनेत तक्रारच जास्त असते. हे पाप आहे का? दशमांशाचे काय करावे?
— एक भगिनी, सांगली

उत्तर : प्रिय भगिनी, सप्रेम सलाम.

तक्रार पाप नाही. बायबलमधील तेराव्या स्तोत्राची सुरुवातच ‘कोठवर?’ या प्रश्नाने होते. ते स्तोत्र शेवटी गायनाकडे वळते, पण अठ्ठ्याऐंशीवे तेवढेही करत नाही, ते अंधारातच संपते. तरीही उपासनेत म्हणायच्या स्तोत्रांतून ते कोणी वगळले नाही. ज्याने देवाला सोडले तो देवाकडे गाऱ्हाणे नेत नाही. तुम्ही अजून नेत आहात, यालाच मी निष्ठा म्हणतो.

सहा महिन्यांच्या वायद्याविषयी मात्र यिर्मयाच्या पुस्तकाचे २८ व २९ हे अध्याय सलग वाचावेत. यहूदी लोकांवरील बाबेलच्या राजाच्या सत्तेचे जू दोन वर्षांत मोडेल, असे हनन्या संदेष्ट्याने मंदिरात, सर्व लोकांदेखत सांगितले. लोकांना ते गोड वाटले असणार, आणि यिर्मयासुद्धा आधी ‘आमेन, परमेश्वर तसेच करो’ असेच म्हणाला. पण देवाने ते वचन दिलेलेच नव्हते. बाबेलात नेलेल्या बंदिवानांना यिर्मया संदेष्ट्याने जे पत्र धाडले त्यात सत्तर वर्षांचा काळ सांगितला होता आणि तोवर घरे बांधा, बागा लावून त्यांचे फळ खा, मुलामुलींची लग्ने करा, ज्या नगरात आहात त्याच्या कुशलासाठी प्रार्थना करा, असे बजावले होते. पत्र ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता, तरी त्यांना करण्याजोगे काम होते, आणि ते अगदी घरगुती होते. म्हणून दुकान उघडणे, हिशेब चोख ठेवणे, मुलीसाठी स्थळे पाहणे यांना प्रार्थनेपेक्षा हलके समजू नये.

साताऱ्यात ज्यांची अखेरची वर्षे गेली त्या ख्रिस्ती कवी रेव्ह. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० साली. प्रत्येक विलंबामागे विश्वासाची उणीव शोधायची, तर त्या पाच वर्षांसाठी टिळकांनाही दोषी धरावे लागेल! (असे निदान करणाऱ्यांनी दुःखात पडलेल्या ईयोबालाच दोष देणाऱ्या त्याच्या मित्रांना, तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत, असे देवाने शेवटी सुनावले तेही पाहावे.)

आता दशमांश. सगळा दशमांश आणा म्हणजे मी आशीर्वादाचा वर्षाव करीन, हे मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातील वचन देवाशी सौदा करण्यासाठी नाही. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल स्पष्ट लिहितो की दान आपल्याजवळ असेल त्या मानाने मान्य होते, नसेल त्या मानाने नाही. माझ्या मते हप्ता थकवून किंवा नवे कर्ज काढून दशमांश देऊ नये; जमेल तेवढे अर्पण मोकळ्या मनाने द्यावे आणि आपल्या पाळकांना घरची स्थिती उघड सांगावी. मंडळीत बँकेचे व्यवहार जाणणारे कोणी असतील, तर हप्त्यांची मुदत वाढवून मागायला जाताना त्यांना सोबत न्यावे. त्यात संकोच धरू नये.