आईसाठी मोठा टीव्ही घ्यायचाय, पण हप्त्यांवर?

प्रश्न: आम्ही नागपूरला नंदनवनात राहतो. मी बुटीबोरीच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे, हाती 46,000 येतात. घरखर्च 34,000 च्या घरात. घरी आई (वय 68), बायको, मुलगी नववीत, मुलगा पाचवीत. दिवाळीनंतर आमचा 32 इंची टीव्ही बिघडला. आवाज येतो, चित्र येत नाही. तेव्हापासून सगळे मोबाईलवरच पाहतो, नेटफ्लिक्सचा 149 चा मोबाईल प्लॅन आहे. आई म्हणते, "मले त्यात काहीच दिसत नाही बाप्पा, तुम्हीच पाहा." बर्डीच्या एका शोरूममध्ये 55 इंची फोर-के टीव्ही आवडला. रोख 44,500, किंवा 'बिनव्याजी' 4,000 चे 12 हप्ते आणि 499 प्रोसेसिंग फी. मोबाईलचा 2,150 चा हप्ता अजून 7 महिने चालेल. बँकेत 38,000 आहेत. बायको म्हणते, मोबाईल असताना टीव्ही कशाला? घेऊ का?

उत्तर:

भाऊ, टीव्ही घ्या. पण हा नको, आत्ता नको आणि हप्त्यांवर तर नकोच.

आधी वहिनींच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो रास्त आहे. साडेसहा इंची मोबाईल आडवा धरला की त्यावरचं चित्र साधारण पावणेपाच इंच रुंद असतं. 43 इंची टीव्हीवर तेच चित्र साडेसदतीस इंच होतं. मात्र मोबाईल आपण डोळ्यांपासून फूटभरावर धरतो आणि टीव्ही सात फुटांवरून बघतो. त्यामुळे डोळ्यांपुढे दोन्ही चित्रं जवळपास सारखीच जागा व्यापतात. ज्याची नजर चांगली आहे त्या एकट्या माणसाला मोबाईल पुरतो, हे वहिनींचं म्हणणं बरोबर आहे.

अडचण 'एकट्या' या शब्दात आहे. ते फूटभराचं अंतर एका वेळी एकालाच मिळतं. आईंनी वाकून बघायचं ठरवलं तरी चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतच जातं. 68 व्या वर्षी चष्मा लावूनही हातातल्या पडद्यावर दोन तास नजर लावणं जड जातं. म्हणून आई "तुम्हीच पाहा" म्हणून बाजूला होतात. तुमच्या पत्रातलं मला सर्वांत लागलेलं वाक्य तेच. चार जणांच्या हातात मोबाईल आणि पाचवं माणूस नुसतं बसलेलं, हा खर्च कुठल्याच वहीत येत नाही. पण मी तो धरतो. त्यामुळे टीव्ही ही तुमच्या घरात चैन नाही.

आता पैशाचं. शोरूममध्ये आपण टीव्हीची किंमत विचारतो, त्याच्यामागे दर महिन्याला काय लागेल ते विचारत नाही. तुमचा 149 चा प्लॅन टीव्हीवर चालत नाही. फोर-के हवं तर त्यांचा 649 चा प्लॅन, म्हणजे 500 जास्त. फोर-केला तासाला 7 जीबीपर्यंत डेटा लागतो. मोबाईलचे रोजचे 2 जीबी त्यात पंधरा-वीस मिनिटांतच संपतील, म्हणजे घरात ब्रॉडबँड आलं. 499 चं साधं कनेक्शन धरलं तर 18 टक्के जीएसटीसह 589. वीज दीडशेच्या आसपास धरा. उन्हाळ्यात कूलरमुळे तुमचं बिल तसंही 100 युनिटच्या वर जात असेल, तिथून पुढचा प्रत्येक युनिट महावितरणच्या महाग टप्प्यात पडतो. बेरीज 1,239 महिना, पाच वर्षांत 74,000 च्या वर. टीव्ही 44,500 चा आणि त्याच्यामागचा खर्च 74,000 चा!

'बिनव्याजी' या शब्दावर मात्र मला जरा थांबायचं आहे. सप्टेंबर 2013 मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते. तुमचेच आकडे पाहा. रोख दिले तर 44,500, हप्त्यांनी 48,000 आणि वर 499. हा जवळजवळ 4,000 चा फरक म्हणजेच व्याज. आणि तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाता, म्हणून त्याचा खरा दर वर्षाला सुमारे 16 टक्के पडतो. एवढ्या व्याजाने कोणी हातउसने पैसे देऊ केले असते तर तुम्ही घेतले असते का?

शिवाय 2,150 आणि 4,000 मिळून 6,150 होतात. पगारातून घरखर्च वजा जाता तुमच्याकडे 12,000 उरतात, त्यातले निम्म्याहून जास्त हप्त्यांतच जातील. पुढच्या वर्षी मुलगी दहावीला, शिकवणीची फी एकरकमी मागतात. बँकेतले 38,000 म्हणजे जेमतेम महिनाभराचा घरखर्च. त्या पैशांना टीव्हीसाठी हात लावू नका, कृपा करून. आईंचं वय बघता ते उद्या दवाखान्यात लागू शकतात.

विक्रेता म्हणेल, जीएसटी कमी झालाय, ऑफर रविवारपर्यंतच आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा कर 28 वरून 18 टक्के झाला, हे खरं. 128 ची वस्तू 118 ला आली. पण तो दर काही रविवारी संपत नाही.

मग करायचं काय? सगळ्यांत आधी मेकॅनिकला बोलवा. तुम्ही लिहिलंय की आवाज येतो, चित्र येत नाही. रात्री खोलीतला दिवा बंद करून टीव्ही लावा आणि पडद्यावर अगदी जवळून बॅटरीचा उजेड तिरपा पाडा. आत अंधूक हलतं चित्र दिसलं, तर पॅनल शाबूत आहे आणि बहुधा मागच्या एलईडीच्या पट्ट्या गेल्या आहेत. त्या बदलून मिळतात आणि हे काम नव्या टीव्हीपेक्षा फारच स्वस्तात होतं. खर्च आधी विचारून घ्या, जुन्या टीव्हीवर 3,000 पेक्षा जास्त घालू नका. टीव्ही सुरू झाला तर आईंसाठी दूरदर्शनची फ्री डिश लावा. छत्री आणि बॉक्सचा खर्च एकदाच, महिन्याचं भाडं नाही, सह्याद्री वाहिनी त्यावर आहेच. आईंचा प्रश्न याच महिन्यात सुटेल, आणि मला घाई आहे ती तेवढ्याचीच.

जो 4,000 चा हप्ता झेपेल असं तुम्हाला वाटतंय, तो आजपासून स्वतःलाच भरा. बँकेत सहा महिन्यांचं आवर्ती ठेव खातं उघडा, 24,000 होतील, वर थोडं व्याज. त्यात दिवाळीचा बोनस मिळवून 43 इंची टीव्ही रोखीने घ्या. सात फुटांवरून बसणाऱ्या पाच जणांना तो पुरेसा मोठा आहे. शोरूमच्या झगमगाटात 55 इंची छोटा वाटतो आणि दहा बाय बाराच्या खोलीत तोच भिंत खातो. जाताना भिंतीचं माप नेलंत तर बरं.

नेटफ्लिक्सचा प्लॅन 199 चा घ्या. तो टीव्हीवर चालतो. चित्र 720पी, म्हणजे फोर-केपेक्षा कमी स्पष्ट असतं आणि एका वेळी एकाच पडद्यावर दिसतं, पण मोबाईल प्लॅनपेक्षा 50 रुपयेच जास्त. एकच पडदा ही मला अडचण वाटत नाही, सगळ्यांनी मिळून बघायचं म्हणूनच तर टीव्ही घेताय. ब्रॉडबँड आलं की घरातल्या मोबाईलचे रिचार्ज कमी डेटाच्या पॅकवर आणा. हे बहुतेक लोक विसरतात आणि दोन्हीकडे पैसे भरत राहतात. तुम्ही रोज बुटीबोरीला जाता, तुमच्या एकट्याचा मोठा पॅक ठेवा.

मोबाईलचा हप्ता सात महिन्यांनी संपेल. ते 2,150 मोकळे झाले की थेट त्या 38,000 मध्ये टाकायला लागा, तीन महिन्यांचा घरखर्च साठेपर्यंत. मुलगी दहावीत असताना टीव्ही केव्हा बंद राहील, हे वहिनींना ठरवू द्या. मेकॅनिक काय म्हणाला ते मला जरूर कळवा. पॅनलच गेलं असेल तर सहा महिन्यांचा हिशोब आपण पुन्हा मांडू.