घरी पॉलिशर वापरून गाडीवरचे स्वर्ल मार्क्स, म्हणजे दिव्याखाली दिसणारी बारीक ओरखड्यांची जाळी, खरंच जाते का? ड्रिलला पॅड लावून चालेल का?

जातात. ड्रिलने नाही जात, ड्रिल कपाटात परत ठेवा.

तुम्ही लिहिलंय की सेकंडहँड काळी सेडान आहे, नाशकात इंदिरानगरला सोसायटीच्या पार्किंगमध्ये असते, ऑनलाइन ८, १५ आणि २१ एमएमची मशीन्स (पॅड ज्या छोट्या वर्तुळात हलतो त्याचं हे माप) दिसतायत त्यातलं कुठलं घ्यायचं कळत नाही, आणि एकदम शेवटी असंही लिहिलंय की वॉचमन रोज न चुकता कोरड्या फडक्याने गाडी पुसतो तरी ही जाळी कुठून आली. मशीनचं सांगणारे तुम्हाला ढीगभर भेटतील, मी पण सांगतो, पण ती शेवटची ओळ वाचून राहवलं नाही, कारण नेमक्या याच गोष्टीवरून माझं आणि आमच्या साडूभाऊंचं कित्येक दिवाळ्या वाजलेलं आहे.

आधी मशीन. १५ एमएमचा डीए, म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर घ्या, पाच इंची बॅकिंग प्लेटवाला (पॅड चिकटतो ती चकती), विषय संपला. ८ एमएमवाला काम करतो पण जीव काढतो, आणि २१वाला बॉनेट, छत असल्या सपाट जागी मस्त पळतो पण बंपरच्या वळणावर नवीन माणसाच्या हातात नाचतो. ड्रिलचं आणि रोटरी पॉलिशरचं दुखणं असं की पॅड एकाच आसाभोवती फिरत राहतो, एका जागी गरम होतं आणि स्वर्ल जाऊन त्याजागी होलोग्राम येतात, म्हणजे उन्हात गाडी हलली की पेंटवरून चमकते पट्टे सरकताना दिसतात. रोटरीवर हात बसलेला कारागीर सुंदर काम करतो, नाही म्हणत नाही, पण तो हात बसायला वर्षं लागतात. आणि कोणी चार इंची ग्राइंडरला बफ लावा म्हणालं तर त्याच्याशी बोलणं बंद करा, रोटरी पॉलिशर ६०० ते ३,००० आरपीएममध्ये चालतो आणि तो ग्राइंडर ११,००० च्या आसपास. डीएमध्ये पॅड फिरतो आणि फिरता फिरता छोट्या वर्तुळात हलतोही, म्हणून सारखं एकाच दिशेने घासलं जात नाही. त्याची खोड एकच, जास्त दाबलं की फिरणं थांबतं आणि नुसता थरथरतो, आणि आपल्याला वाटतं जोरात काम चाललंय. बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक रेघ मारून ठेवा, चालू असताना ती फिरताना दिसली पाहिजे.

पद्धत तुम्हाला माहीत असेलच. गाडी धुतली, क्ले (चिकटलेली घाण ओढून काढणारी माती) फिरवला, रबर आणि काळ्या प्लास्टिकला मास्किंग टेप लावली, हे धरून चालतो. सावलीत करा, पत्रा हाताला गार लागला पाहिजे, एप्रिल-मेमध्ये नाशकात हे फक्त भल्या सकाळी जमतं. दीड-दोन फुटांचा चौकोन धरायचा, पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब, मशीन पेंटला टेकवून मगच चालू करायचं नाहीतर मागच्या भिंतीला पॉलिश होते, स्पीड चार-पाच, उभे पास मग आडवे पास, आणि हात सावकाश म्हणजे सेकंदाला इंचभर. लोक माती खातात ती इथेच, भराभर हात मारतात आणि मग कंपाउंडला, म्हणजे जाड पॉलिशला, शिव्या घालतात. दर चौकोनाला पॅड ब्रशने झाडा. सुरुवात मऊ फोम आणि बारीक पॉलिशनेच करा, एका कोपऱ्यात करून बघा, नाहीच गेलं तर कटिंग पॅड आणि कंपाउंड. मेग्वायर्सचं १०५ आणि २०५ ही जुनी जोडी आहे, पैकी २०५ बारीक, काळ्या गाडीवर कित्येकदा एवढ्यानेच भागतं. आणि बघायचं ते टॉर्चने, पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली सगळ्याच गाड्या नवीन दिसतात.

आता साडूभाऊ.

बायकोच्या मोठ्या बहिणीचे मिस्टर, दिंडोरीकडे द्राक्षाची बाग, माणूस सोन्यासारखा पण स्वतःच्या मताबाहेर एक पाऊल टाकणार नाही. काळी एसयूव्ही घेतली आणि पहिल्या दिवसापासून गड्याला सांगून ठेवलं, सकाळी गाडी पुसायची. कशाने? जुन्या बनियनने. पाणी नाही काही नाही, रात्रभराची बागेतल्या कच्च्या रस्त्याची धूळ आणि त्यावर कोरडं बनियन, गोल गोल. वर अभिमानाने सांगणार, "आमची गाडी एक दिवस बिनपुसायची नाही राहत."

दिवाळीला आम्ही दोघंही जावई पंचवटीत सासरी. संध्याकाळी अंगणात लायटिंगची माळ, गाडी तिच्याखाली उभी, आणि बॉनेटमध्ये प्रत्येक बल्बभोवती जाळं. सासरे काही वाईट मनाने नाही बोलले, सहज म्हणाले, "ही गाडी नवीनच ना हो?" साडूभाऊंचा चेहरा पडला. मग म्हणाले, "कंपनीचा रंगच तसला येतो आता." मी गप्प बसायला पाहिजे होतं असं बायकोचं मत आहे. मी काही गप्प बसलो नाही. म्हणलं साडूभाऊ, तो रंग नाही, ते ओरखडे आहेत, आणि ते गोलही नाहीत, सगळ्या दिशांना पडलेत, पण दिव्याला जे आडवे येतात तेवढेच चमकतात म्हणून दिव्याभोवती गोल दिसतं, दिवा हलवा, जाळं दिव्याबरोबर सरकतं. मोबाइलचा टॉर्च फिरवून दाखवला. म्हणाले, "आवो, मग तर टॉर्चमुळंच दिसतंय ना ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डिकीतून मशीन काढलं. बॉनेटच्या बरोब्बर मध्ये वरून खाली टेप लावली आणि ड्रायव्हरकडची बाजू घेतली. अख्खं सासर अंगणात, मुलं, शेजारचे दोन आजोबा, सासूबाई चकलीचं ताट घेऊन. टेप काढली तर एका बाजूला आभाळ दिसतंय, दुसऱ्या बाजूला राखाडी धुरळा बसल्यासारखं. मुलं ओरडली. साडूभाऊ वाकले, बोट फिरवलं, हुंगलं, आणि निकाल दिला, "तेल लावलंय."

हे त्यांचं म्हणणं अगदीच वेडेपणाचं नाही बरं का, कारण ग्लेझ आणि वॅक्समध्ये असं होतं, तेल आणि फिलर ओरखड्यात भरून बसतात आणि गाडी चकचकते, चार धुण्यात परत होती तशी. गॅरेजमध्ये "रबिंग पॉलिश मारून देतो" म्हणतात त्यात बऱ्याचदा हाच प्रकार असतो. म्हणून मी आयसोप्रोपिल अल्कोहोल पाणी मिसळून घेऊन गेलो होतो. त्यांच्या देखत फवारलं, पुसलं, तेल सगळं उडालं, आभाळ तसंच. तुम्हीही हे करा, दर पॅनलला करा, नाहीतर तेलाला फसून पुढे जाल.

साडूभाऊ थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तेल नाही तर मग गेले कुठं ओरखडे?" म्हणलं गेले नाहीत, त्यांच्या आजूबाजूचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, तेवढा खाली आणला. तर माणूस एकदम ताठ! "म्हणजे तुम्ही माझ्या गाडीचा रंग काढला!"

आणि पंचाईत अशी की ते बरोबर आहे. मी सातपूर एमआयडीसीत टूलरूमला आहे, मायक्रॉन हे आमचं रोजचं खाणं, त्यामुळे गुळमुळीत उत्तर देता येईना. कंपनीचा पेंट सगळे थर धरून साधारण १०० ते १४० मायक्रॉन, त्यात वरचा क्लिअर कोट ३५ ते ५०, म्हणजे माणसाच्या केसापेक्षा बारीक. पॉलिशिंग म्हणजे त्यातलाच थोडा भाग कायमचा काढणं, एका वेळी एखाद-दोन मायक्रॉन, जोरात कंपाउंड मारलं तर जास्त. तो परत येत नाही. हे सगळं मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितलं आणि तिथेच हरलो, कारण ते म्हणाले, "मग दुसरी बाजू राहू द्या कंपनीची." आणि राहू दिली! अर्धं बॉनेट आभाळ आणि अर्धं धुरळा घेऊन तो माणूस दिंडोरीला गेला, लग्नाकार्यात त्याच गाडीतून उतरायला लागला आणि पाहुण्यांना माझी ओळख "हे आमचे साडू, गाड्यांचा रंग काढतात" अशी करून द्यायला लागला.

एकदा बागेत गेलो होतो तेव्हा मी म्हणलं, तुम्ही मजुरांना घड देठाला धरूनच तोडायला लावता, मण्यावरची पांढरट पावडर पुसली गेली तर व्यापारी भाव पाडतो म्हणून कुणाला बोट लावू देत नाही, आणि लाखोंच्या गाडीला बनियन? फटक्यात उत्तर, "द्राक्ष विकायचंय साडूभाऊ, गाडी थोडीच विकायचीय." यावर माझ्याकडे आजही काही उत्तर नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बायकोबरोबर तिकडे गेलो तोवर बॉनेटच्या दोन्ही बाजू सारख्या. इकडेही जाळं, तिकडेही जाळं, टेपची रेघ कुठे होती तेही सापडेना. साडूभाऊंच्या मते सिद्ध झालं की पॉलिश टिकत नाही. माझ्या मते सिद्ध झालं की बनियन टिकू देत नाही, कारण याच काळात माझ्या स्वतःच्या गाडीला काही झालं नव्हतं आणि ती काही हवाबंद डब्यात नसते, रोज सातपूरला जाते. हा वाद अजून तिथेच आहे, मधे बायकांनी विषय काढायला बंदी घातलीय.

तर तुमच्या गाडीवर ती जाळी तुमच्या वॉचमननेच आणली, फुकट नाही तर महिन्याचे पैसे घेऊन. तो बिचारा एकाच फडक्याने किती गाड्या पुसतो ते बघा एकदा सकाळी उठून, पहिल्या गाडीची खडीची कच तुमच्या गाडीवर आणि तुमची पुढच्या गाडीवर. सिंहस्थ २०२७चा, त्यामुळे शहरात रस्त्यांचं खोदकाम चाललंय, ही धूळ म्हणजे मऊ माती नाही, दगडाचा चुरा आहे. रंगपंचमीला तर विचारू नका, रंग उडतात ते उडतात, दुसऱ्या दिवशी सगळे मिळून ते कोरडेच पुसतात. मी आमच्या वॉचमनला आजही महिन्याचे पैसे देतो, गाडीला हात न लावण्याचे. सोसायटीत लोक हसतात, हसू द्या, त्याचं उत्पन्न बुडायला नको आणि माझा क्लिअर कोटही.

धूळ बसली तर बसू द्या. धूळ बसून ओरखडे पडत नाहीत, ती ओढली की पडतात. आठवड्यातून एकदा आधी नुसत्या पाण्याने भरपूर भिजवायची, वाहून जाईल तेवढं जाऊ द्यायचं, मग शॅम्पूची एक बादली आणि हातमोजा खळखळून धुवायला साध्या पाण्याची दुसरी, वरून खाली, सरळ रेषेत, टायरसाठी वेगळं कापड. जाड मायक्रोफायबर टॉवेल अंथरून पाणी टिपायचं, बोअरचं पाणी असेल तर अंगावर वाळू द्यायचंच नाही, पांढरे डाग पडतात आणि ते काढायचे तर परत पॉलिशच. हे महिनाभर पाळता येतंय का बघा आणि मगच मशीन ऑर्डर करा. नाही जमलं तर मशीनचे पैसे वाचवा, कारण दर दिवाळीला पॉलिश मारत बसलात तर रंग काढल्याचं साडूभाऊंचं म्हणणं कधीतरी खरं होईल.

सिरॅमिक कोटिंगचं (रंगावर द्यायचा कडक संरक्षक थर) कोणीतरी सांगेलच. ओरखडे न काढता वरून कोटिंग केलं तर ओरखडेच कोटिंगखाली पॅक होतात, आणि डब्यावर ९एच हा कडकपणाचा आकडा लिहिला म्हणून बनियन चालतं असं नाही.

आता सेकंडहँड गाडी आहे म्हणून दोन-तीन गोष्टी, ज्या खरं म्हणजे वरच सांगायला हव्या होत्या. आधीच्या मालकाने किती वेळा रबिंग मारून घेतलंय तुम्हाला माहीत नाही, तेव्हा कोणाकडे पेंट गेज मिळालं तर सगळीकडे लावून बघा, ते एकूण जाडी सांगतं, एकट्या क्लिअर कोटची नाही, आणि प्लास्टिक बंपरवर साधं गेज चालत नाही. एखाद्याच पॅनलला आकडा खूप जास्त आला तर ते परत रंगवलेलं आहे, तिथे बाकीचा अंदाज लागू पडत नाही. नखाला अडकतो तो ओरखडा सोडून द्या, तो पूर्ण काढण्याच्या नादात आरपार जाल. दरवाजाच्या आणि बॉनेटच्या धारा टेपखाली ठेवा, तिथे रंग मुळातच पातळ असतो, आणि बंपरवर मशीन जास्त वेळ एका जागी धरू नका, प्लास्टिक उष्णता पुढे पोचवत नाही, वरचा रंगच तापतो. जुन्या, क्लिअर कोट नसलेल्या रंगाच्या गाड्यांमध्ये पॅडला रंग लागतोच, त्यात घाबरायचं काही नाही, पण तुमच्या सेडानला क्लिअर कोट असणार, तेव्हा पॅडवर काळं यायला लागलं तर त्याच क्षणी मशीन बंद करा, तिथे आता पेंटवाल्याचं काम आहे.