माणूस जिवाणूंच्या फांदीवर का बसतो?
प्रथिनांचे क्रम जुळवून सजीवांचा वंशवृक्ष काढताना माणूस कधीकधी जिवाणूंत जाऊन बसतो; ते कसं, ते पाहू. आधी एक: दोन क्रम जुळले की ‘४० टक्के होमॉलॉजी’ लिहू नका. टक्के साम्याचे असतात. होमॉलॉजी म्हणजे समान पूर्वज, तो असतो किंवा नसतो.

सरावाला ई. कोलाय या जिवाणूचं ईएफ-टीयू घ्या; पेशीत प्रथिनं बनवायला मदत करणारं हे एक प्रथिन. डीएनए नको, प्रथिनाचाच क्रम शोधा: ब्लास्टपी (प्रथिनक्रम शोधणारा प्रोग्रॅम), स्विस-प्रॉट (तपासलेल्या प्रथिनांचा संग्रह), ई-व्हॅल्यू (निव्वळ योगायोगाने अशा किती जुळण्या मिळतील तो आकडा) ०.००१ खाली, जुळणी निदान ७० टक्के लांबीवर. नाहीतर नुसता जीटीपी (पेशीतला ऊर्जेचा एक रेणू) धरणारा तुकडा जुळलेली भलतीच प्रथिनं घुसतात.

खरी गोची पुढे. माणसात सर्वांत वर येतं ते मायटोकाँड्रियातलं ईएफ-टीयू, मुळात जिवाणूंकडून आलेलं. तेच घेतलं की माणूस जिवाणूंच्या फांदीवर बसतो. तुलनेला पेशीद्रवातलं, तेच काम करणारं ईएफ-१ए घ्या. वृक्षाचं मूळ ठरवायला ईएफ-जी हे नात्यातलं प्रथिन जोडा, पण ते आणि ईएफ-टीयू या दोघांत सामायिक असलेल्या भागापुरतंच. एका जनुकाच्या दोन प्रती होऊन ही दोन प्रथिनं वेगळी झाली; ही जनुक-द्विरुक्ती सर्व सजीवांच्या शेवटच्या समान पूर्वजाआधीची. १९८९ मध्ये हीच युक्ती वापरली गेली.