मुंगी कोणती, ते आधी पाहा

मे महिना संपत आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. तोवर आंब्यावरचा तुडतुडा, फळमाशी असं काही चाललेलं असतं. पहिला वळीव पडला, बिळांत पाणी शिरलं, मुंग्या ओट्यावर आल्या, की एकच प्रश्न सुरू होतो : "काय मारू?" मुंगी केवढी, कोणत्या रंगाची, कुठून निघते, काय उचलून नेते, यातलं एक अक्षर पत्रात नसतं. भारतात मुंग्यांच्या आठशेहून अधिक जातींची नोंद आहे. घरात त्रास देणाऱ्या त्यांतल्या मूठभर, आणि त्या मूठभरांनाही एकच औषध लागू पडत नाही. म्हणून या वेळी निवडक पत्रांना एकत्र उत्तरं देते आहे.

घरात काळ्या मुंग्या आल्या तर लक्ष्मी येते आणि लाल आल्या तर कर्ज वाढतं, हे खरं का?

नाही. दोघीही अन्नपाण्यासाठी येतात.

स्वयंपाकघरात अगदी बारीक, पिवळसर मुंग्या आहेत. दर आठवड्याला स्प्रे मारतो. आधी फक्त ओट्यापाशी होत्या, आता देवघरात, बाथरूममध्ये आणि टीव्हीच्या मागेही दिसतात.

स्प्रे आजपासून बंद करा. तुमच्या वर्णनावरून ही फराओ मुंगी वाटते, जेमतेम 2 मिलिमीटर लांबीची. हिच्या घरट्यात एकच राणी नसते, कितीतरी असतात. धोका जाणवला की काही कामकरी मुंग्या अंडी, अळ्या आणि एखादी राणी घेऊन निघतात आणि दुसऱ्या फटीत वेगळा संसार मांडतात. स्प्रेने मेल्या त्या बाहेर फिरणाऱ्या थोड्याशा. आतल्यांना तुम्ही पांगवलंत. एका घरट्याची चार घरटी अशी झाली.

हिच्यावर उपाय आमिषाचा. सावकाश काम करणारं विष खाण्यात मिसळलेलं असतं, कामकरी मुंग्या ते घरट्यात नेऊन राणीला आणि अळ्यांना भरवतात. याला काही आठवडे लागतात. त्या काळात आमिषाच्या आसपास स्प्रे नको, फिनेलचा बोळा नको. इमारतीत राहत असाल तर एकट्या घरापुरतं करून भागत नाही, कारण या मुंग्या पाइप आणि वायरिंगच्या वाटेने मजलेच्या मजले फिरतात. सोसायटीने मिळून परवाना असलेला पेस्ट कंट्रोलवाला बोलवावा आणि त्याला पहिला प्रश्न हाच विचारावा की मुंगी कोणती आहे. मुंगीकडे न बघता पंप सुरू करणाऱ्याला परत पाठवा. घरात तान्हं बाळ किंवा उघडी जखम असलेला रुग्ण असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. रुग्णालयांमध्ये ही मुंगी जखमांपर्यंत आणि सलाइनच्या नळ्यांपर्यंत पोचल्याच्या नोंदी आहेत, आणि ती अंगावरून जंतू वाहून नेते.

डब्यांच्या फळीवर आणि देव्हाऱ्याभोवती मी मुंग्यांच्या खडूची रेघ ओढते. खडू लोकलमध्ये घेतला, विकणारा म्हणाला की हर्बल आहे. घरात दीड वर्षाचा मुलगा आहे. सासऱ्यांनी गावाहून शेतातली पावडरही पाठवली आहे. ती गव्हाच्या कोठीखाली टाकली तर चालेल का?

नाही चालणार. ताई, हे वाचून झाल्यावर लगेच दोन्ही वस्तू मुलाच्या हाताबाहेर ठेवा. मग पुढचं वाचा.

आधी खडू. परवाना घेऊन बनवलेल्या खडूत डेल्टामेथ्रिनसारखं कीटकनाशक मोजून घातलेलं असतं आणि वेष्टनावर त्याचं नाव, प्रमाण, नोंदणी क्रमांक छापलेला असतो. तुमच्या खडूवर यातलं काही आहे का? नसेल तर त्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नाही. "हर्बल" हा शब्द छापायला दमडी लागत नाही. गाडीत तो मुंग्या अडवून दाखवतो, त्यालाही भुलू नका. मुंगी आपल्या बहिणींनी जमिनीवर सोडलेल्या गंधाच्या वाटेने चालते. त्या वाटेवर कसलीही भुकटी पडली, अगदी शाळेतल्या फळ्याच्या खडूची, तरी ती थबकते, गोंधळते, मागे फिरते. थबकलेली मुंगी हा औषधाचा पुरावा नव्हे. आणि रेघेत खरंच जालीम काही असेल, तर ती तुम्ही रांगत्या मुलाच्या उंचीवर आणि धान्याच्या डब्याखाली ओढली आहे. मूल खडूला खडूच समजतं. पाटीवर ओढतं आणि तोंडात घालतं. घरात मांजर किंवा माशांची टाकी असेल तर त्यांनाही ही औषधं फार लवकर बाधतात.

आता पावडर. एके काळी गावोगाव गॅमेक्सिन नावाची कीटकनाशक पावडर सर्रास वापरायचे, चुलीमागेसुद्धा. त्यातलं बीएचसी हे विष 1997 मध्ये बंद झालं, त्याच कुळातल्या लिंडेनचा वापर 2013 पासून बंद आहे. पिकांवर धुरळायची मिथाइल पॅराथिऑनची भुकटी 2018 मध्ये बंद झाली. तरीही गोठ्याच्या आढ्यावर जुन्या पुड्या निघतात आणि "मुंग्यांची पावडर" म्हणून मुलाबाळांच्या घरी पोचतात. पिशवीवरचं नाव पुसलेलं, रंग मैद्यासारखा. शेतीच्या औषधाच्या पाकिटावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. सुट्या पुडीवर त्रिकोणच नसतो, म्हणजे आपल्या हातात काय आहे हे कळायची सोय उरत नाही. असली पुडी खायच्या गव्हाखाली टाकायची नसते.

हे मी चिडून लिहिते आहे, त्याला कारण आहे. माझ्या एका विद्यार्थिनीच्या भाचीने असाच खडू चघळला. घरच्यांनी तिला मीठपाणी पाजून उलटी करायला लावली, मग "बघू काही होतंय का" म्हणत दोन तास काढले. नंतर माझा फोन लावला. मी काय करणार होते? पोर वाचली, पण ते दोन तास मला अजून आठवतात. म्हणून स्पष्ट सांगते. मुलाने तोंडात काही घातल्याची शंका जरी आली तरी उलटी काढू नका, मीठपाणी किंवा दूध पाजू नका. तोंडातलं बोटाने काढा, ओल्या फडक्याने तोंड पुसा, खडू किंवा पुडी जशी असेल तशी बरोबर घ्या आणि रुग्णालय गाठा. गाडी नसेल तर 108 ला फोन करा. लाळ गळणं, घाम, सुस्ती, झटके, धाप यांची वाट पाहायची नाही.

फळीवरची रेघ केरसुणीने झाडू नका, भुकटी उडते. हातमोजे घालून साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं टाकून द्या. पावडर मोरीत किंवा नाल्यात ओतू नका. घट्ट बांधून कुलपात ठेवा आणि ती कुठे द्यायची हे तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांना विचारा. मुंग्यांसाठी गूळ-साखरेचे डबे घट्ट झाकणाचे घ्या, रात्री ओटा साबणाने पुसा म्हणजे गंधाची वाट मोडते, आणि ज्या फटीतून त्या येतात ती पांढऱ्या सिमेंटने बुजवा. कोठीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची आजीची रीत आजही लागू पडते. पाणी मात्र रोज बदला, नाहीतर डास होतील.

पहिल्या पावसात दिव्याभोवती पंखवाल्या मुंग्यांचा ढीग पडला. मरणकाळी मुंगीला पंख फुटतात म्हणतात, त्या याच का?

एक उचलून पाहा. कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या, पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतील तर मुंगी. कंबर नाही, मिशा सरळ, चारही पंख सारखे आणि हात लावताच गळणारे असतील तर वाळवी. पहिल्या पावसानंतर बहुधा वाळवीच असते. तिला पांढरी मुंगी म्हणायची सवय सोडायला हवी, कारण ती झुरळाच्या कुळातली आणि मुंगी गांधीलमाशीच्या. माळावरचं उंच वारूळही वाळवीनेच बांधलेलं असतं.

म्हण मुंगीच्या नरांपुरती खरी आहे. मीलनाच्या उड्डाणानंतर ते मरतात. राणी आपले पंख स्वतः उतरवते, जमिनीत शिरते आणि त्या एका उड्डाणात साठवलेल्या शुक्राणूंवर आयुष्यभर अंडी घालते. युरोपातल्या काळ्या बागमुंगीची पाळलेली एक राणी 28 वर्षांहून जास्त जगली होती.

गळालेले पंख दाराच्या चौकटीपाशी किंवा घरातल्या भिंतीच्या कडेला सापडले तर वाळवी घरातच आहे असं समजा आणि तपासणी करून घ्या. "आयुष्यभराची गॅरंटी" देणाऱ्याकडून मात्र नको.

वडील बाथरूमला जाऊन आले की तिथे मुंग्या लागतात. शेजारी म्हणतात, मधुमेह असणार. काही दिवस बघावं का?

बघू नका. हे निरीक्षण आपल्या जुन्या वैद्यांनीही नोंदवलेलं आहे आणि त्यात तथ्य आहे. पण रक्तातली साखर साधारण 180 मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय ती सहसा लघवीत उतरत नाही. म्हणजे मुंग्या येईपर्यंत उशीर झालेला असू शकतो, आणि मुंग्या आल्या नाहीत म्हणून मधुमेह नाही असंही ठरत नाही. त्या ओलाव्यासाठी किंवा क्षारांसाठीही येतात. उद्या उपाशीपोटी रक्त तपासा आणि डॉक्टरांना दाखवा.

कुंडीतल्या जास्वंदीवर पांढरा कापूस आणि मुंग्यांची रांग. मुंग्यांनी झाड खाल्लं का?

झाड पिठ्या ढेकूण शोषतोय. तो जादा साखर चिकट थेंबांतून बाहेर टाकतो आणि मुंग्या ते थेंब गोळा करतात. त्या बदल्यात त्याला खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावून लावतात, कधी त्याची पिल्लं उचलून नव्या फांदीवर नेऊन ठेवतात. गवळ्याने गुरं राखावीत तशा. कापूस जुन्या ब्रशने आणि सौम्य साबणाच्या पाण्याने काढा, जास्त लागण झालेली फांदी छाटून पिशवीत बंद करा. ढेकूण गेला की मुंग्या आपोआप जातात. महिनाभरात फरक पडला नाही तर पान-फांदी पिशवीत घालून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.

आमच्या कलमांवर हुमल्यांची घरटी झाली आहेत. गडी झाडावर चढायला तयार नाहीत. टेंभ्याने जाळून टाकू का? काही जण म्हणतात की त्यांची चटणी दम्यावर चालते.

जाळू नका. हुमले म्हणजे झाडावर पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या. पानं शिवायला या मुंग्या स्वतःच्या अळ्या वापरतात. काही जणी एकमेकींची कंबर धरून साखळी करतात, पानांच्या कडा जवळ ओढतात आणि बाकीच्या जबड्यात अळी धरून तिच्या रेशमाने टाके घालतात. मला झाडावरचं याहून कुशल काम माहीत नाही. चीनमध्ये सतराशे वर्षांपूर्वी संत्र्याच्या बागांसाठी अशी घरटी बाजारात विकली जात. काजू-आंब्याच्या बागांत आजही काही देशांत त्या मुद्दाम राखतात, कारण काजूवरचा ढेकण्या आणि फळमाशी त्यांच्यामुळे कमी होते. दुसरी बाजूही आहे. त्या खवले कीड आणि पिठ्या ढेकूणही जोपासतात. तेव्हा आधी घरट्याजवळची पानं उलटून पाहा. चढायच्या वाटेवरची तेवढीच घरटी काढणीच्या आधी, पहाटे, लांब आकडीने उतरवा. बाकीचं दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या तज्ज्ञांना बाग दाखवून ठरवा.

चटणी हे मयूरभंजचं, बस्तरचं अन्न आहे. ओडिशातल्या सिमिलीपालच्या चटणीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. दम्याचं औषध म्हणून तिच्यावर विसंबू नका, इनहेलर बंद करू नका. ॲलर्जी असलेल्याला तिचा त्रासही होऊ शकतो.

मुंगी खाल्ली की डोळे चांगले होतात?

नाही. नंबर तपासून घ्या.

लाल मुंगी चावली की हात सुजायचा. या वेळी अंगभर गांधी उठल्या आणि चक्कर आली. चुना लावला, बरं वाटलं.

चुन्याने नव्हे, तुमच्या नशिबाने. चावणं जबड्याचं असतं, पण लाल आगमुंगी मागच्या नांगीने विषही टोचते. झाडाच्या खोडावर एकेकटी फिरणारी, डोकं आणि पोट काळं, मधला भाग तांबूस, अशी एक लांबट मुंगी तर त्याहून वाईट टोचते. जागेवरची सूज वेगळी. टोचलेल्या जागेपासून दूर, अंगभर गांधी, चक्कर, घसा आवळणं, धाप ही तीव्र ॲलर्जी आहे आणि पुढची वेळ जिवावर बेतू शकते. तिच्यावर ॲड्रिनलिनचं इंजेक्शन लागतं, तेही मिनिटांत. आजच डॉक्टरांकडे जा आणि मुंगी डबीत घालून न्या.

बाळाच्या कानात मुंगी गेली तर गरम तेल घालावं का?

गरम काहीही घालू नका, काडी घालू नका. कानाच्या डॉक्टरांकडे न्या.

मुंग्या झोपतात का? (इयत्ता सहावी)

झोपतात, बाळा, पण आपल्यासारख्या सलग नाही. आगमुंग्यांवर झालेल्या एका अभ्यासात कामकरी मुंगी दिवसातून सुमारे 250 डुलक्या काढताना दिसली, एकेक डुलकी जेमतेम मिनिटभराची. त्या पाळीपाळीने झोपतात, त्यामुळे घरटं कधीच सगळं झोपलेलं नसतं. तुला बघायचं असेल तर अंगणातल्या बिळाशेजारी साखरेचे चार दाणे ठेव, जरा दूर बस आणि पहिली मुंगी परत जाताना पोट जमिनीला टेकवते का ते बघ. ती तेव्हा इतरांसाठी वाट आखत असते. लाल मुंग्यांच्या बिळापाशी मात्र आईला बरोबर घेऊनच बस.