नर उंदीर आधी पिल्लांना मारतो, मग तोच त्यांना सांभाळायला कसा लागतो?

दोन्ही वागणुकींच्या जोडण्या मेंदूत आधीपासूनच असतात. समागम न झालेल्या नराला पिल्लू दिलं तर तो बहुधा चावतो. पिल्लाचा वास नाकातल्या व्होमेरोनेझल अवयवातून आत जातो आणि हल्ला सुटतो. या अवयवाचे संकेत जनुकीय बदलाने बंद केले, तर असाच नर पिल्लं चाटून साफ करतो, घरट्यात आणून ठेवतो.

सांभाळण्याचं केंद्र हायपोथॅलॅमसच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या भागाच्या) पुढच्या टोकाला, मिडियल प्रीऑप्टिक भागात आहे. तिथल्या गॅलॅनिन (मेंदूतलं एक संदेशवाहक रसायन) बनवणाऱ्या पेशी प्रकाशाने चेतवल्या की मारकुटा नर हल्ला थांबवतो. त्या नष्ट केल्या तर चांगल्या बापाचंही संगोपन बिघडतं (हा शोध 2014 चा). मादीतही याच पेशी काम करतात, त्यामुळे ‘मातृत्वाचं केंद्र’ हे नाव चुकीचंच.

बदल मात्र लगेच होत नाही. वीर्यस्खलनानंतर साधारण तीन आठवडे, म्हणजे मादीच्या गर्भकाळाइतके, लागतात. गंमत म्हणजे मेंदू तास नव्हे, दिवस-रात्रीची चक्रं मोजतो: प्रयोगशाळेत 22 तासांचा ‘दिवस’ केला, तर नर लवकर निवळतात.