ऑर्केस्ट्रा कंडक्टर म्हणून करिअर कसं घडतं? मुलगी बारावीत आहे, पियानो चांगला वाजवते, आता हेच करायचं म्हणते.

आधी यातली खरी अडचण सांगतो. पियानोचा रियाज घरी दार लावून करता येतो. कंडक्टरचं वाद्य म्हणजे समोर बसलेली साठ-सत्तर माणसं. ती मिळवणं हीच अर्धी कारकीर्द.

मी हौशी व्हायोलिनवादक, दुसऱ्या व्हायोलिनच्या रांगेत बसणारा. समोरचा कंडक्टर कच्चा की पक्का, हे आम्हाला त्याने हात उचलला की कळतं. बेथोव्हेनची पाचवी सिंफनी घ्या. तिचे ते सुरुवातीचे प्रसिद्ध चार सूर ठोक्यावर सुरूच होत नाहीत. आधी अर्ध्या मात्रेची विश्रांती आहे. म्हणजे हात खाली येतो तेव्हा शांतता, आणि लगेच सगळ्यांनी एकदम घुसायचं. लय किती, हे त्याने हात वर नेतानाच दाखवावं लागतं. तो जरा जरी घुटमळला, तर पिशवी फाटून चणे सांडावेत तसे सूर पडतात.

झुबिन मेहतांचं बघा. जन्म मुंबईचा, १९३६चा. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक, बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राचे संस्थापक; म्हणजे वाद्यवृंद घरातलाच. (एवढं भाग्य किती जणांना?) तरी डॉक्टरकीची वाट सोडून १९५४ साली ते व्हिएन्नाला हान्स स्वारोव्स्कींकडे शिकायला गेले. तिथे डबल बास वाजवला. मोठ्या कंडक्टरांच्या तालमी जवळून पाहता याव्यात म्हणून ते आणि सहाध्यायी क्लाउडिओ अब्बादो चक्क गायकवृंदात शिरले. १९५८ला लिव्हरपूलची कंडक्टरांची स्पर्धा जिंकली, आणि पुढे दुसऱ्यांच्या जागी ऐनवेळी उभं राहत १९६२ साली लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे प्रमुख झाले. अमेरिकन कंडक्टर लेनर्ड बर्नस्टाइनचंही तसंच: १९४३ला ज्येष्ठ कंडक्टर ब्रुनो वॉल्टर आजारी पडले आणि पंचविशीतला हा सहायक न्यूयॉर्कमध्ये उभा राहिला. नशीब म्हणा, पण अशा वेळी संपूर्ण स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी, डोक्यात तयार असावा लागतो.

पियानो येतो ही जमेची बाजू. जर्मनीतल्या ऑपेरागृहांत गायकांच्या तालमी पियानोवर घेत घेत वर चढण्याची जुनी वाट आहे. शिवाय एखादं तंतुवाद्य शिकू दे. वीस जणांना गज कसा ओढा हे सांगायचं तर स्वतः ओढलेला बरा. शाळा-कॉलेजातला समूहगायनाचा गट मिळाला तर तोच हाताशी धरावा, चार माणसं तर चार.

मुलगी म्हणून काळजी असेल, तर मरिन ऑलसॉप ही बाई २००७पासून अमेरिकेतल्या बाल्टिमोर सिंफनीची प्रमुख कंडक्टर होती. वाट अजून अरुंद आहे, बंद नाही.

इथे राहून पोट भरणं मात्र कठीण. मुंबईच्या एनसीपीए या कलासंस्थेचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ साली सुरू झाला, आणि पूर्ण व्यावसायिक म्हणावा असा तेवढाच. तेव्हा बाहेर जावंच लागेल. जर्मन आत्ताच सुरू करा. पुण्या-मुंबईत मॅक्स म्युलर भवनात वर्ग असतात.